नूतन भारंबेच्या पाच फेऱ्या

यावलच्या नूतन भारंबेला चुका दिसतात. स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, एक मंगलाष्टक दोनदा म्हटल्याचं तिने भटजींना ऐकवलं होतं. तेव्हापासून सासूबाई सुंदरबाई तिच्या देखत भाजीत मीठसुद्धा जपून घालत.

अडतिसाव्या वर्षी नूतन सहा महिने एसटीने जळगावला क्लासला जाऊन सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकली. दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका काढायच्या, आणि वर पगारही मिळतो, हे कळल्यावर सुंदरबाई म्हणाल्या, "आन् आम्ही अठरा वर्सं फुकट आयकलं!"

पुण्याच्या एका कंपनीत घरून करायची नोकरी निघाली. फेऱ्या पाच. पहिली अर्जाची. 'नोकरीतला खंड' या चौकटीत दहाच्या वर आकडाच जाईना. नूतनने दहा भरले आणि खाली लिहिलं, 'माझ्या उरलेल्या आठ वर्षांना तुमच्याकडे जागा नाही. दुरुस्त करा.' तरी बोलावणं आलं.

दुसरी ऑनलाइन परीक्षा. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं माणूस नको. ऐन मध्यावर सुंदरबाई डोकावल्या, "नूतन, तेलाचा डबा कुठी ठुला?" परीक्षा जागीच बंद. पडद्यावर लाल अक्षरं: संशयास्पद व्यक्ती.

"मी संशयास्पद?" सुंदरबाईंनी तेल सोडून कंपनीचा नंबर मागितला. फोन शेवटी नूतननेच केला आणि वीस मिनिटं भांडून परीक्षा पुन्हा मिळवली. या वेळी सुंदरबाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. पोटच्या भूपेंद्रलाही त्यांनी आत सोडलं नाही.

तिसऱ्या फेरीत हितेंद्र नावाच्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर कंपनीचं कपड्यांचं ॲप दाखवलं. "बघा, काही सापडतं का."

नूतनने उणे दोन शर्ट मागवले. बिल आलं उणे दीड हजार.

"म्हणजे शर्ट न घेता तुम्हीच मला दीड हजार देणार?"

"मॅडम, हे... हे ॲप चालू आहे. लोक वापरताहेत." साहेबांनी आवाज बंद केला. ओठ मात्र भराभरा हलत होते. चौथ्या फेरीचे मोठे साहेबही तिथंच धावत आले, त्यामुळे तीही फेरी उरकली.

पाचवी एचआरची. तिथल्या मुलीने विचारलं, "तुमचा एखादा दोष सांगा." लॅपटॉपमागे उभा भूपेंद्र बायकोला हात जोडत होता.

"तोंडावर बोलते," नूतन म्हणाली. "पण तो दोष ऐकणाऱ्याला वाटतो."

नेमणूकपत्र आलं ते 'श्री. नूतन' या नावाने, रुजू व्हायची तारीख एकतीस जून. तिने दोन्हींवर खुणा करून परत धाडलं.

भूपेंद्रने कपाळाला हात लावला. "सही ठोकायची होती! श्री तर श्री!"

"आणि एकतीस जूनला कुठे हजर होऊ?"

नऊ दिवस पुण्याहून चकार शब्द नाही. नूतन फोन उलटा ठेवी, पुन्हा सुलटा करी. एवढी धास्ती तिला लग्नातही वाटली नव्हती. दहाव्या दिवशी पत्र आलं, तारीख एक जुलै. नाव या वेळी 'कुमारी नूतन'. तिने दोनदा वाचलं, भूपेंद्रकडे बघितलं आणि गुपचूप सही केली.

भूपेंद्रने जळगावहून फिरती खुर्ची आणली. आधी सुंदरबाई बसल्या, पायाने रेटा देत चार गोल फेऱ्या मारल्या आणि उठल्या.

"बस आता. पक्की हाये."