शेंडा सोडायचा नाही

तुर्भ्यातली बांबूची वखार मी मासळीच्या टोपलीपासून सुरुवात करून उभी केली. घासाघीस माझ्या हाडात मुरलेली. म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुलीच्या कॉलेजात गेले तेव्हाही मी तेच केलं. तिचं मॉडेल सरांनी नापास केलं होतं आणि ते पास झालं तरच तिला आंतरकॉलेज स्पर्धेला पाठवणार होते. मी आणखी एक संधी मागितली. सर म्हणाले, "बाई, ही बांबूची वखार नाही. इथे भाव होत नाही."

मी काय बोलले ते लिहीत नाही. शिपाई धावत आला, एवढं पुरे. पण आठ दिवस मिळाले.

रिक्षात मी विचारलं, "त्या मॉडेलमध्ये आहे तरी काय?"

"पेशीच्या आत सांगाडा असतो, आई. बारीक नळ्यांचा. त्यांवरून मोटर-प्रथिनं चालतात, माल वाहतात."

"म्हणजे हमाल."

"हो, पण काही हमाल दोन नळ्या एकदम धरतात. चालता चालता त्या ओढून नीट मांडतात. मुकादमाशिवाय."

"मुकादमाशिवाय? पाच मिनिटांत डोकी फुटतील!"

तिच्याकडेही तेच झालं होतं. तिने प्लास्टिकच्या नळ्या घेऊन मैत्रिणींना मोटर केलं होतं. कोणी इकडे ओढी, कोणी तिकडे.

वखारीत ट्रक नुकताच रिकामा झाला होता. बांबू अस्ताव्यस्त पडले होते. माझी माणसं दोन हातांत दोन बांबू धरून हात पुढे सरकवत होती. मुलीने म्हाताऱ्या मुकादमाला विचारलं, "काका, सगळे एकाच बाजूला कसे सरकतात?"

"शेंड्याकडं, बाय. बुडखा जाड, शेंडा बारीक, आंधल्यालाबी कलतं. आन् शेंडा हाताला लागला तरी सोडाचा नाय. सोडला का पुन्ना पसारा."

"आई," ती ओरडली, "खऱ्या नळ्यांची दोन टोकं वेगळी असतात! माझ्या नळ्यांची सारखीच होती!"

आठव्या दिवशी कॉलेजच्या मैदानात आठ बारीक बांबू पसरले. प्रत्येक मुलीने दोन धरायचे, प्रत्येक बांबूवर दोघींचे हात. एक मैत्रीण आलीच नाही. मी सरांकडे बघितलं. "धरा."

सरांनी हात बुडख्याकडे सरकवला. "सर, उलटं!" मी खेकसले. मग ते शेंड्याला पोचले आणि बांबू सोडून मोकळे झाले. सगळा डाव विस्कटला.

"सोडायचा नाही!" सात मुली एकदम ओरडल्या.

दुसऱ्यांदा जमलं. मुकादम नव्हता, कोणी हुकूम देत नव्हतं, तरी शेंडे मध्ये गोळा झाले आणि बुडखे चांदणीसारखे बाहेर पसरले. मुली शिट्ट्या मारायला लागल्या. सर घामाघूम झाले होते, पण हसत होते. "पाठवतो हिला स्पर्धेला. आता सोडू का, बाई?"

"आधी ते वखारीचं बोलणं परत घ्या."

सर काही बोलणार, तोच माझ्याच मुलीने आनंदात हाळी दिली, "सोडा!" आणि माझा सौदा अर्धवट राहिला.