गव्हाची दिल्ली आणि ज्वारीचा चनबसप्पा

चनबसप्पाला कुजबुजता येत नसे. एवढ्या एका दोषापायी आणीबाणीत भवानी पेठेतल्या आमच्या सबंध बोळाचा जीव टांगणीला लागला होता.

त्याचा धंदा पिठाच्या गिरणीचा. उभा जन्म त्या घरघरीत गेल्यानं कान कामातून गेले होते. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा, आणि स्वतः बोलायचा ते गिरणी चालू आहे असं समजूनच. देवळातसुद्धा. मी शाळेत शिकवत होते आणि गिरणीच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. माझ्या पुस्तकांवर, उशीवर, अगदी चष्म्यावरही पीठ बसायचं. त्या पिठाबरोबर चनबसप्पाची मतंही फुकट वर यायची.

मतं सगळी दिल्लीची. महापालिका, कलेक्टर, पालकमंत्री हे त्याच्या खिजगणतीत नव्हते. माणसाची पारख धान्यावरून करावी असा त्याचा सिद्धांत होता. "दिल्लीत समदी गव्हाची मानसं," तो म्हणायचा. "गव्हाला काय, तिंबा, लाटा, गोल करा, चौकोनी करा, कसाबी ऱ्हातोय. ज्वारीचं तसं न्हाय. ताणली की तुटत्या. हातानं थापावं लागतंय, सबुरीनं. आन ह्यो देश ज्वारीचा हाय की." बांगलादेशची लढाई जिंकली तेव्हा मात्र त्यानं दिल्लीच्या बाईंना खुशाल ज्वारीत घातलं आणि बोळभर पेढे वाटले. पुढं दुष्काळात रेशनवर मिलो नावाची परदेशी, हलकी लाल ज्वारी आली, ती दळता दळता त्यानं त्यांना परत गव्हात ढकललं. मी एकदा वाद घालायला गेले, तर मला म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमी तांदूळ. लगेच उतू जाताय." मला राग आला, पण खोटं नव्हतं.

आणीबाणी आली आणि लोक बोलायचे थांबले. चहाच्या हॉटेलात 'राजकारणावर बोलू नये' अशी पाटी लागली. चनबसप्पाला पाटी वाचता येत होती, पण आवाज खाली करता येत नव्हता. गिरणी बंद असताना त्याचं मत चौकातल्या पोलीस चौकीपर्यंत ऐकू जाई.

त्याची बायको नागव्वा. बारीक अंगाची, कमी बोलणारी, आणि नवऱ्याच्या जिवासाठी दिवसभर कासावीस. तिनं आधी समजावून पाहिलं. "सुम्म कुंद्री," असं घरच्या कानडीत सांगून तोंडावर बोट ठेवलं. तो दोन मिनिटं गप्प बसायचा. मग तिनं युक्ती काढली. त्यानं दिल्लीचं नाव काढलं, की ती उठून गिरणीचं हिरवं बटण दाबायची. दळण असो नसो, गिरणी घरघरायला लागायची आणि त्याचं सगळं त्या आवाजात बुडून जायचं. रिकाम्या गिरणीत दगडावर दगड घासून बोथटतो, मग छिन्नीनं सारखी टाकी लावावी लागते. तो त्यावरूनही ओरडायचा, पण तेही कुणाला ऐकू यायचं नाही.

आणि गंमत अशी झाली, की लोकांना हळूहळू उमगलं की अख्ख्या पेठेत मोकळेपणानं बोलायला हीच एक जागा उरली आहे. डबाभर ज्वारी घेऊन यायचं आणि गिरणी सुरू झाली की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून मन मोकळं करायचं. मीही केलं. नसबंदीच्या 'केसेस' आणायचं काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात मारलं होतं. त्यावर मी शेजारच्या रुक्मिणीच्या कानात जे बोलले, ते शाळेतल्या बाईनं बोलायचं नव्हतं. बोलले आणि त्या दिवशी मला जेवण गेलं. या सगळ्यात चनबसप्पा तेवढा बिचारा कोरडा राहायचा. कानाशी गेलेले ओठ त्याला दिसत नसत.

एके दिवशी दुपारी गिरणी भरात होती. रांगेत मानसिंग हवालदार उभा होता. चौकीतलाच, पण आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याचीच ज्वारी दळली जात होती, आणि चनबसप्पा कुणाला तरी दिल्ली समजावून सांगत होता. तेवढ्यात करंट गेला.

गिरणी थांबली, चनबसप्पा थांबला नाही. "तोंड दाबून भाकरी हुईत न्हाय म्हनावं त्यास्नी!" भर शांततेत त्याचा आवाज घुमला. "ज्वारी लाटायला निगालेत लाटण्यानं! गव्हाची अक्कल!"

कुणी हललं नाही. सगळ्यांच्या नजरा हवालदाराकडे गेल्या, तेव्हा कुठं चनबसप्पाला कळलं. मानसिंगनं टोपी नीट केली आणि तो निघून गेला. डबा तिथंच राहिला, अर्धं पीठ, अर्धी ज्वारी.

त्या संध्याकाळी नागव्वानं चूल पेटवली ती बराच वेळ विझवली नाही. कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणी तिनं धडप्यात बांधली आणि गाठोडं दाराशी खुंटीला टांगलं. कडक भाकरी महिनाभर टिकते. तुरुंगात काय खायला घालतील, या काळजीपलीकडं तिचं डोकं चालत नव्हतं. मी धीर द्यायला गेले आणि तिच्याबरोबर रडून आले.

कुणी आलं नाही. आठवडा गेला, दुसरा सरत आला. गाठोडं खुंटीवर होतं आणि पोलिसाचा डबा कोपऱ्यात. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आणि चनबसप्पा गप्प झाला. खरोखरच गप्प. दळण घ्यायचा, द्यायचा, मान हलवायचा. वर्षभर ज्या गोष्टीसाठी नागव्वा देव पाण्यात घालून बसली होती, ती गोष्ट घडली, आणि तिला ती बघवेना. "बाई, आमचं मानूस जितं असून घरात न्हाई हो," ती मला म्हणाली.

मग एका सकाळी मानसिंग आला. अंगात साधा सदरा होता. रांग आपोआप बाजूला सरली. नागव्वानं खुंटीवरचं गाठोडं काढलं आणि छातीशी धरलं.

"बंदोबस्ताला गेलतो, अक्कलकोटाकडं," मानसिंग म्हणाला. "माजं निम्मं दळण ऱ्हायलंय की."

"पिठाची विरी गेली असंल," नागव्वा कशीबशी म्हणाली. "भाकरी थापता येणार न्हाई."

"मग ऱ्हायलेली ज्वारी तरी घाला. पर बटण दाबा आदी."

गिरणी सुरू झाली. मानसिंग चनबसप्पाच्या अगदी जवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि कानाला तोंड लावून बोलू लागला. बराच वेळ बोलला. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण त्याच्या मानेची शीर ताठली होती, आणि एकदा त्यानं बाहीनं डोळे पुसले. दम द्यायला आलेला माणूस असा दिसत नाही. सगळ्या पेठेनं या गिरणीत मन रितं केलं होतं, पोलिसाचंच तेवढं राहून गेलं होतं. चनबसप्पा मान हलवत राहिला. दळण झालं, हवालदार डबा उचलून गेला. जाताना चालणं हलकं होतं.

नागव्वानं लाल बटण दाबलं. "काय म्हनला ओ?" तिनं त्याच्यासमोर उभं राहून विचारलं.

"मला काय ऐकू येतंय?" चनबसप्पा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जाईल असा निघाला. "पर लई साठलं व्हतं त्येच्यात. मोकळा झाला."

नागव्वा तिथंच पिठात बसली. गाठोडं सोडलं, भाकरी मोडली, एक तुकडा त्याला दिला, एक मला, मग रांगेतल्या सगळ्यांना. तुरुंगाची शिदोरी आम्ही उभ्या उभ्या कुडुमकुडुम खाल्ली.

"तर दिल्लीचं असं हाय," चनबसप्पानं तोंडातला घास सावरत सुरुवात केली.

सवयीनं नागव्वाचा हात हिरव्या बटणाकडे गेला. मग तिनं तो मागं घेतला, पदराला पुसला.

"बोला," ती म्हणाली. "गिरणीपायी म्याबी कवा धड ऐकलं न्हाई तुमचं."