एक तास नव्वद मिनिटं

हे लिहायचं मी आजवर टाळलं, कारण अण्णांची गोष्ट सांगायची तर माझीही सांगावी लागते. अख्ख्या बंगळूरात वेळेचे इतके लाड करणारा दुसरा माणूस नव्हता. आमच्या संशोधन संस्थेच्या गणकयंत्र विभागात ते माझे वरिष्ठ. घराणं पिढ्यानपिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत बरीच कन्नड मिसळलेली. कशाला किती वेळ झाला हे ते नेहमी दोनच आकड्यांत सांगत. लग्नाला किती वर्षं झाली? "अकरा वर्षं, चार महिने." वरचे दिवस विचारले तर म्हणत, "तिसरा आकडा देवाला ठेव रे." हॉटेलात डोसा यायला उशीर झाला की मालकाला शांतपणे कळवत, "सात मिनिटं, वीस सेकंद. आणखी स्वल्प थांबतो." मालक धास्तीने जास्तीची चटणी पाठवी.

यंत्र मात्र एखाद्या कामाला लागलेला वेळ नुसत्या सेकंदांत छापायचं. अण्णा वैतागत. "आठ हजार शंभर सेकंद म्हणजे काय रे? तेवढ्यात माणूस जेवून येतो, की गावाला जाऊन?" म्हणून त्यांनी फोर्ट्रान या यंत्राच्या भाषेत सेकंदांचे तास-मिनिटं करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, प्रत्येक ओळ एकेका कार्डावर, भोकं पाडून. पहिल्यांदा दोन तास पंधरा मिनिटं छापून आलं तेव्हा त्यांनी विभागभर म्हैसूरपाक वाटला.

दिल्लीहून मोठे साहेब येणार त्या सकाळी तो कार्डांचा गठ्ठा माझ्या हातून पडला. मी घाईघाईने गोळा केला, कुणाला बोललो नाही. दीड तासाच्या कामापुढे यंत्राने साहेबांसमोर छापलं: एक तास नव्वद मिनिटं. साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे तासाला मिनिटं किती असतात?" सगळे हसले. अण्णा म्हणाले, "चूक माझी, सर."

संध्याकाळी कपाटाखाली मला एक कार्ड सापडलं. मोजून झालेले तास वजा करणारं; ते नसल्याने तोच तास मिनिटांतही मोजला गेला होता. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी कार्ड खिशात घातलं. प्रोग्रॅम बंद झाला, अण्णांची बदली स्टोअरमध्ये झाली, आणि तिथे ते मोडक्या खुर्च्यांची वयं सांगू लागले.

निवृत्तीनंतर ते होसकोट्याला राहायला गेले. एकदा धीर करून कार्ड घेऊन गेलो. दारातच त्यांनी विचारलं, "किती काळाने आलास रे?"

"सतरा वर्षं, पाच महिने, अण्णा."

त्यांचा चेहरा फुलला. आत वळून म्हणाले, "ऐकलंस का गं? दोनच आकडे सांगितले याने. कॉफी टाक."

कॉफी प्यालो. कार्ड खिशातच राहिलं.

आता अण्णा नाहीत, कार्ड आहे. अण्णा, चूक माझी होती. सांगायला उशीर झाला: अठ्ठावन्न वर्षं, तीन महिने.