कशाभिका पुढे असते

शरदकाकांचा मेसेज आला तेव्हा मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले होते. 'नलिनी सकाळी गेली. शांतपणे.' एवढंच. मी फोन पालथा ठेवला आणि पुन्हा भिंगातून पाहिलं. तिथे सगळं नेहमीसारखंच चाललं होतं... शेकडो जीव गिरक्या घेत कुठे कुठे निघाले होते.

त्याला आता दीडेक महिना झाला. नलिनी मॅडम माझ्या मार्गदर्शक, शरदकाका त्यांचे यजमान. आफ्रिकेत एक माशी चावते आणि माणसाला निद्रारोग होतो. त्या रोगाच्या एकपेशीय परजीवीवर त्यांनी उभं आयुष्य काढलं. माशीच्या पोटात तो ज्या रूपात असतो, त्या रूपात आम्ही त्याला इथे सिंगापूरला विद्यापीठात फ्लास्कमध्ये वाढवतो. त्याच्या अंगाला चिकटून एक बारीक धागा असतो, सतत वळवळणारा. तीच कशाभिका.

मॅडमच्या हाताखाली येणाऱ्याला पहिला आठवडा कॅमेरा मिळत नसे. कागद, पेन्सिल आणि जिवंत पेशी. दिसेल ते काढायचं. मला हे सोपं वाटलं. रिसोडच्या शाळेत 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' या प्रश्नाचे माझे गुण कधी गेले नव्हते. शाळेतला एकुलता एक सूक्ष्मदर्शक मात्र कपाटात असे, कपाटाला कुलूप असे. मी झरझर चित्र काढलं, नावं दिली, पोहण्याच्या दिशेचा बाणही दाखवला.

मॅडमनी कागद लांब धरून पाहिला. "छान आहे गं. पण हा कोण? बेडूकमासा?"

"नाही मॅडम, आपलाच परजीवी."

"मग शेपूट मागे टाकून कुठे पळतोय? हे तू पाहिलंस की पाठ केलंस?"

मी पुन्हा पाहिलं, या वेळी खरंच पाहिलं. धाग्याचं मोकळं टोक पुढे होतं. तिथून लाट निघत होती आणि सगळं शरीर त्या टोकामागे ओढलं जात होतं. ढकलणारी वाटली होती ती कशाभिका ओढणारी निघाली. चोवीस वर्षांची झाले होते आणि जिवंत काहीतरी पहिल्यांदाच माझं मी पाहिलं होतं.

पुढे त्यांनी मला कशाभिकेचा आडवा छेद दाखवला. कडेने नळ्यांच्या नऊ जोड्या, मधोमध दोन नळ्या, एखाद्या रांगोळीसारख्या नेटक्या. "आता घसा खाकर," त्या म्हणाल्या. मी खाकरले. "तुझ्या श्वासनळीत जे केस हलतात ना, त्यांच्याही आत हेच. नऊ आणि दोन. रोगाच्या जंतूत आणि तुझ्यात एकच यंत्र. किती जुनं असेल ते..." हे त्या दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगत, आणि दरवर्षी त्यांचा आवाज तसाच हळू होई.

तिसऱ्या वर्षी माझं सगळंच अडलं. कशाभिका हलवणारं एक प्रथिन मी बंद केलं होतं. पेशी हलेनाशा झाल्या, इथवर ठीक. पण मग त्यांचे गुच्छ होऊ लागले, द्राक्षांच्या घडासारखे. आढावा समितीपुढे दाखवायला दुसरं काहीच नव्हतं. समितीने नापास केलं की शिष्यवृत्ती बंद, इथे राहण्याचा स्टुडंट पास बंद, परत रिसोड. तिथे बाबा सायकली दुरुस्त करता करता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की मुलगी डॉक्टरेट करतेय. घरातली पहिलीच शिकलेली मी.

"स्पॉइल्ट ऑलरेडी," प्रयोगशाळा सांभाळणारी वेई लिंग तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "थ्रो अवे लाह."

मॅडम तेव्हा हौगांग भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये ऑक्सिजनवर होत्या. फुप्फुसं कडक होत चालली होती. मी फोनवरचा व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला.

"ब्लीच ओतलंस?"

"उद्या ओतणार. टाकण्याआधी मारायला लागतात ना."

"ओतू नकोस. या मेलेल्या नाहीत गं. या सुटत नाहीयेत." त्यांनी थोडा श्वास घेतला. "एकीच्या दोन होताना काय होतं? नवी कशाभिका जुनीच्या कडेने वाढते. टोक जुनीला बांधलेलं, म्हणजे वाट चुकत नाही. शेवटी दोघी हिसडे देतात, तेव्हा पेशी वेगळ्या होतात. तुझ्या पेशींना हिसडाच देता येत नाही. मग तो तू दे. शेकरवर ठेव फ्लास्क."

"नलू, बोलणं कमी कर," शरदकाका स्वयंपाकघरातून म्हणाले.

"पेशींबद्दल बोलतेय. ते बोलण्यात धरत नाहीत."

फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या त्या यंत्रावर मी गुच्छ ठेवले. दुसऱ्या दिवशी घड सुटले होते. सुट्या पेशी, प्रत्येकीला आपापली कशाभिका, न हलणारी पण अख्खी. पोहण्यासाठी आहे असं मी समजत होते तो धागा वेगळं होण्यासाठीही लागतो, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. समितीपुढे मी तेच दाखवलं, आणि राहिले.

मॅडमना फोन केला तेव्हा त्या आधी खोकल्या, मग म्हणाल्या, "ऐकलंस? माझ्याही छातीत अजून हलताहेत. नऊ आणि दोन."

माझा प्रबंध आता पुरा होत आला आहे. तो दिला की ही प्रयोगशाळा सुटेल. शेकर तिथेच कोपऱ्यात आहे. मॅडम येता-जाता त्याच्या झाकणावर तळवा टेकवत, तापल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. हल्ली सकाळी आल्यावर मीही टेकवते. आत फ्लास्क डोलत असतात, हाताला बारीक थरथर लागते... मी हात लगेच काढत नाही.