काकीचा धवला आणि सरांची टेप

एम.ए.ला एक पेपर होता, मुंबईच्या मूळ रहिवाशांचं साहित्य आणि वर्तमानपत्रं-सिनेमांनी रंगवलेली त्यांची ओळख. वर्गात वरळीच्या कोळीवाड्यातली मी एकटीच. गिरण्यांचा संप लांबला, लालबाग-परळच्या चाळींतली आईची गिऱ्हाइकं कोकणात निघून गेली, तरी तिने डोक्यावरची मासळीची पाटी उतरवली नाही आणि माझं शिक्षणही थांबवलं नाही. त्यामुळे मी मान वर करूनच बसायचे. सिनेमातली कोळीण सारखी कंबर हलवतच का येते, असं विचारून सरांना भंडावून सोडलं होतं.

सरांनी प्रकल्प दिला, आपल्या समाजातलं गाणं टेप करून आणा. माझी काकी धवलारीण, म्हणजे धवले गाऊन लग्न लावणारी. मला वाटलं, काम झालंच. काकीने टेपरेकॉर्डरकडे बघितलं आणि कोळंबी सोलत राहिली.

"धवला लावला का देव येतान मांडवान. मांडव नाय, नवरी नाय, तं त्यांना काय सांगू, मशीन बघायला बोलावलं?"

मी चिडले, रुसले. ती ढिम्म हलली नाही.

सर म्हणाले, टेप नाही तर गुण नाहीत. मैत्रिणीने सुचवलं, सिनेमातलं एखादं कोळीगीत भरून दे, कुणाला कळतंय. माझं डोकंच फिरलं. काकीवरचा राग तिथल्या तिथे ओसरला. मी कोरी टेप जमा केली आणि सोबत लिहून दिलं, धवला हवा असेल तर मांडवात यावं लागेल. सरांनी जेमतेम पास केलं. अशा हट्टापायी हे सगळं मरून जाईल, असंही वर्गासमोर सुनावलं.

पुढे माझंच लग्न ठरलं, तेव्हा पहिली पत्रिका मी सरांना नेऊन दिली. ते हळदीलाच आले, खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून. काकीने त्यांना मानाने बसवलं, कपाळाला हळद लावली आणि म्हणाली, आता चालू करा तुमची मशीन. सरांनी ती माझ्या पाटाशेजारी ठेवली.

काकीने एकेका देवाला बोलावलं, मग गेलेल्या आजीला, मग माझं नाव घेतलं. मला रडू आवरेना. शेजारी टेप गरगरत होती.

हळदीच्या हातानेच मी ती बंद केली.

"सर, हा माझ्या लग्नाचा धवला आहे. नुसता ऐका."