मागच्या रांगेतली आई

पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरला की त्या वासासरशी कलासंग्रहालयातली एक सकाळ आठवते. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडतच नव्हती. 'फुकट व्याख्यान आहे, वर पोहेही देतात,' असं सांगून मी तिला नेलं. वक्ते एका जुन्या चित्रातल्या बाईला नवी नवरी म्हणत होते. मागच्या रांगेतून आई एकदम बोलली, "नाही भिया, हिचं लेकरू अंगावर पितं. चोळीची गाठ बघा ना, सैल बांधलीय." वक्ते चित्राजवळ जाऊन वाकले, हसले आणि माईक तिच्या हातात देत म्हणाले, "काकूजी, पुढचं तुम्हीच सांगा." आज घरी पोहे मी एकटीच खातेय. 'थांब, मीही येते,' म्हटलं, तर आई चपला घालत म्हणाली, "उशीर होतो गं, पुढची रांग भरून जाते."