लाल चिंधीच्या शेंगा

बियाण्यासाठी राखलेल्या वालपापडीच्या शेंगा मी तोडल्या आणि कंदमुळांच्या उकडहंडीत घालून पाहुण्यांना वाढल्या. शेंगांच्या देठाशी लाल चिंधी बांधलेली होती. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल. ही चूक मी कुणापुढेही कबूल केली असती, फक्त शिरगावहून पालघरला आमच्या दारी मासळी आणणाऱ्या मावशीपुढे नाही. दुसऱ्याच्या अंगणावर इतक्या हक्कानं राज्य करणारी बाई त्रिभुवनात नसेल.

माती आमची, पाणी आमचं. पण मावशी आली की टोपली ओट्यावर आणि ती वेलाखाली. पान न् पान उलटं करून मावा चिरडायचा आणि मगच बोंबलांना हात लावायचा. घाई केली तर म्हणायची, बोंबील मेलेलेच हायत, वेल जिता हाय. मी मांडवासाठी विकत आणलेली हिरवी जाळी तिनं गुंडाळून माझ्याच हातात दिली आणि नवऱ्याच्या होडीवरचं जुनं जाळं टांगलं. शेजारी विचारू लागले, यंदा पापलेट लावलंत का? मासे धुतलेलं पाणी ती बुंध्याशी ओतायची, त्यामुळे आळीतली मांजरं आमच्याकडेच मुक्कामाला. एकदा मी चोरून युरिया घातला. वेल थेट वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला, फूल मात्र एक नाही. तिनं मुकाट्यानं शेंडे खुडले आणि आमच्या हिला विचारलं, भाऊ पाला खातात काय?

हे सगळं सोसायचं त्या बियाण्यापायी. एडवणला तिच्या आईच्या परसातलं ते बी. आई गेली, परस गेलं, आणि शिरगावात मावशीच्या अंगणात भरतीचं खारं पाणी शिरून तिचाही वेल जळाला. उरलेले पाच दाणे तिनं आमच्या गोड्या मातीत टोचले होते. पुढचं बी त्या चिंधीच्या शेंगांतून यायचं होतं.

दुसऱ्या सकाळी मावशी आली तेव्हा चिंधी नुसतीच लोंबत होती. मी सगळं सांगून टाकलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "चव कशी होती?"

मी म्हटलं, चांगली होती.

"आयच्या शेंगांना गोडीच हाय," ती म्हणाली आणि मासळी तशीच ठेवून जाळं चाचपू लागली. बऱ्याच वेळानं अगदी वरच्या गाठीत अडकून वाळलेली एक शेंग सापडली. चार दाणे, त्यातला एक किडका. उरलेले तीन तिनं पदरानं पुसले.

मी हात पुढे केला. तिनं दाणे माझ्यामागे उभ्या असलेल्या हिच्या ओंजळीत ठेवले.

"तुमी नको, भाऊ. वयनी लावतील. तुमी जेवायला या."